सूर्यालाही लावलेला ‘-इतो’

स्पॅनिश भाषेत सूर्याला ‘सोल’ म्हणतात. माद्रिदमध्ये जानेवारीच्या थंडीत ढग सरले आणि चौकातल्या बाकावर जरा ऊन उतरलं, की तिथे येऊन बसलेली आजी म्हणते, काय छान ‘सोलेसितो’ पडलाय! ‘-इतो’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. सूर्याचा आकार अर्थातच तोच असतो. मेक्सिकोतला भाविक देवाला नुसतं ‘दिओस’ म्हणत नाही, ‘दिओसितो’ म्हणतो आणि ग्वादालुपेच्या मेरी मातेला ‘बिर्खेनसिता’ अशी हाक मारतो. घरातल्या गेलेल्या माणसाला तिथे ‘मुएर्तो’ म्हणजे मृत असं कोरडेपणानं न म्हणता ‘मुएर्तितो’ म्हणतात. १ नोव्हेंबरला ज्या वारलेल्या मुलांसाठी घरोघरी वेदी मांडली जाते, ती मुलं तर ‘आन्खेलितोस’, म्हणजे चिमुकले देवदूत. सूर्य, देव, मरण. यांतलं काहीच लहान नाही, आणि तरी प्रत्यय तोच.

व्याकरणात या रूपांना लघुत्ववाचक रूपं म्हणतात. नाव सोयीचं आहे, पण दिशाभूल करणारं आहे. अमादो आलोन्सो या स्पॅनिश भाषाशास्त्रज्ञानं १९३५ साली या विषयावर एक निबंध लिहिला, आणि नंतरच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासकाला त्याची दखल घ्यावी लागली. त्याचं म्हणणं असं, की आकार सांगणं हे या प्रत्ययांचं सर्वांत दुय्यम काम आहे. खरोखर लहान घर दाखवायचं असेल तेव्हा स्पॅनिश माणूस बहुतेक वेळा ‘कासिता पेकेन्या’, म्हणजे ‘लहान घरकुल’, असं म्हणून लहानपणा वेगळ्या शब्दानं सांगतोच. मग ‘-इता’ कशासाठी? तर बोलणाऱ्याचा जीव त्या घरात किती अडकलाय हे सांगण्यासाठी, किंवा ऐकणाऱ्याशी चार शब्द जवळिकीनं बोलण्यासाठी. आलोन्सोचं हे म्हणणं मला पूर्णपणे पटतं. या प्रकरणात जे पुढे येईल ते त्याच दिशेनं वाचावं. प्रत्यय वस्तूला लागतो खरा, पण खूण करतो ती माणसाकडे.

आधी रूपं कशी होतात ते पाहू. शब्द ‘-ओ’ किंवा ‘-आ’नं संपत असेल तर तो शेवटचा स्वर जातो आणि ‘-इतो’ किंवा ‘-इता’ येतो. ‘लिब्रो’ (पुस्तक) ‘लिब्रितो’, ‘कासा’ (घर) ‘कासिता’. शेवटी व्यंजन असेल तर प्रत्यय सरळ जोडायचा. ‘पापेल’ (कागद) ‘पापेलितो’, ‘आर्बोल’ (झाड) ‘आर्बोलितो’. मात्र ते व्यंजन ‘न’ किंवा ‘र’ असेल तर मध्ये एक ‘स’ शिरतो. ‘रातोन’ (उंदीर) ‘रातोन्सितो’, ‘मुखेर’ (बाई) ‘मुखेरसिता’, ‘आमोर’ (प्रेम) ‘आमोरसितो’. ‘-ए’नं संपणाऱ्या दोन अक्षरी शब्दांनाही हा ‘स’ लागतो, म्हणून ‘काफे’चं ‘काफेसितो’ आणि ‘माद्रे’चं (आई) ‘माद्रेसिता’. शब्द त्याहून लांब असला की ‘स’ची गरज उरत नाही. ‘तोमाते’चं (टोमॅटो) ‘तोमातितो’, ‘एलेफान्ते’चं (हत्ती) ‘एलेफान्तितो’.

रोमन लिपीत लिहिताना उच्चार सांभाळण्यासाठी अक्षर बदलावं लागतं. ‘बाका’ (गाय) या शब्दात ‘क’साठी ‘सी’ हे अक्षर आहे, ‘बाकिता’ लिहिताना त्याच्या जागी ‘क्यू-यू’ येतात. कानाला यातलं काही जाणवत नाही, पण परीक्षेच्या कागदावर विद्यार्थी नेमका इथेच अडतो.

खरी मौज एका अक्षराच्या शब्दांत आहे. ‘पेस’ म्हणजे मासा. त्याचं रूप ‘पेसितो’ होत नाही, ‘पेसेसितो’ होतं. शब्द फार तोकडा असला की भाषा त्याला प्रत्ययाआधी एक जास्तीचा ‘ए’ देते. ‘सोल’चं ‘सोलेसितो’ झालं ते याच कारणानं. ‘पुएर्ता’ (दार), ‘पुएब्लो’ (गाव), ‘बिएखो’ (म्हातारा) यांसारख्या जोडस्वर असलेल्या शब्दांनाही स्पेनमध्ये हीच वागणूक मिळते. ‘पुएर्तेसिता’, ‘पुएब्लेसितो’, ‘बिएखेसितो’. पण अटलांटिक ओलांडला की हा जास्तीचा तुकडा बहुतेक ठिकाणी गळून पडतो. मेक्सिकोत, कोलंबियात, अर्जेंटिनात गाव ‘पुएब्लितो’ असतं, म्हातारबाबा ‘बिएखितो’ असतात आणि पाव ‘पानसितो’ असतो. स्पेनमध्ये पावाला ‘पानेसियो’ म्हणतात. कॉफीचंही तसंच. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात ‘काफेसितो’ऐवजी ‘काफेलितो’ हा मध्येच ‘ल’ घेतलेला शब्द ऐकू येतो. माणूस कुठला आहे हे त्याच्या लहान केलेल्या शब्दावरून पुष्कळदा कळतं.

काही शब्दांत प्रत्यय शेवटी न येता शब्दाच्या पोटात शिरतो. ‘लेखोस’ म्हणजे लांब, त्याचं ‘लेखितोस’. ‘कार्लोस’चा ‘कार्लितोस’ होतो, शेवटचा ‘स’ आपल्या जागी राहतो. साखरेला ‘आसुकार’ म्हणतात, तिचं बोलीतलं रूप ‘आसुकितार’. हे रूप पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच पानावर थांबलो होतो. ‘आसुकार’ या शब्दाला मधोमध उघडून कोणीतरी त्यात माया भरली आहे असं वाटलं.

मराठी वाचकाला यात एक गोष्ट वेगळी जाणवेल. आपण वस्तू लहान करताना पुष्कळदा तिचं लिंग बदलतो. सुरा आणि सुरी, डबा आणि डबी, लोटा आणि लोटी. स्पॅनिशमध्ये या प्रत्ययानं लिंग बदलत नाही. पुल्लिंगी पुस्तक लहान झालं तरी पुल्लिंगीच राहतं. उलट स्पॅनिशमध्ये जिथे लिंग बदलून आकार सांगितला जातो, अशा काही जोड्यांत स्त्रीलिंगी शब्द मोठा असतो. ‘उएर्तो’ म्हणजे घरामागची भाजीची वाफ्याएवढी जागा, ‘उएर्ता’ म्हणजे मोठी बागायत. ‘चार्को’ म्हणजे रस्त्यातलं डबकं, ‘चार्का’ म्हणजे तळं. लिंगाच्या नियमाला एक अडचणीचा शब्द आहे तो हात. ‘मानो’ हा शब्द ‘-ओ’नं संपतो, पण आहे स्त्रीलिंगी. स्पेन आणि मेक्सिकोनं लिंगाचा मान राखून ‘मानिता’ केलं, बहुतेक दक्षिण अमेरिकेनं शेवटचा स्वर सांभाळून ‘मानितो’ केलं. दोन्ही शुद्ध मानली जातात.

आतापर्यंत ‘-इतो’च आला, कारण आज तोच सगळीकडे चालतो. पण तो एकटा नाही, आणि सर्वांत जुनाही नाही. लॅटिनमधला ‘-एल्लुस’ हा प्रत्यय मध्ययुगीन कास्तीलमध्ये ‘-इएयो’ झाला आणि पुढे घासून ‘-इयो’ झाला. तसाच ‘-ओलुस’चा ‘-उएलो’ झाला. ईशान्येकडच्या आरागोन प्रांतात ‘-इको’ प्रिय आहे, सारागोसाच्या पिलार मातेला तिथले लोक ‘पिलारिका’ म्हणतात. उत्तरेच्या आस्तुरियासमध्ये ‘-इन’, कांताब्रियात ‘-उको’, गालिसियात ‘-इन्यो’, पश्चिमेच्या एस्त्रेमादुरात ‘-इनो’. सोळाव्या शतकात ‘-इको’ आजच्याइतका एका कोपऱ्यात नव्हता. आविला या कास्तीलमधल्याच गावच्या संत तेरेसा यांनी १५७७ मध्ये लिहिलेल्या ‘लास मोरादास’ या ग्रंथात रेशमाच्या किड्यातून बाहेर पडणारा आत्मा ‘मारिपोसिका’ आहे, म्हणजे इवलंसं फुलपाखरू. देवाशी एकरूप होण्याचा अनुभव सांगताना या बाईंना हाच प्रत्यय हाताशी लागला.

तेरेसांच्या आधी, १४९२ साली, आंतोनियो दे नेब्रिखानं कास्तीलच्या भाषेचं, म्हणजे स्पॅनिशचं, व्याकरण छापलं. लघुत्ववाचक रूपांच्या बाबतीत आपली भाषा ग्रीक आणि लॅटिनच्याही पुढे आहे असं त्यानं अभिमानानं लिहिलं आणि ‘ओम्ब्रे’, म्हणजे माणूस, या शब्दाला एकेक प्रत्यय लावून दाखवला. सगळेच इतके खूश नव्हते. सेव्हिलचा कवी फेर्नांदो दे एर्रेरा यानं १५८० मध्ये स्पॅनिश कवी गार्सिलासोच्या कवितेवर टिपणं लिहिताना इटालियन भाषेला दोष दिला तो याच कारणासाठी. लघुत्ववाचक शब्दांनी ती भाषा बायकी होते, असं त्याचं मत. भारदस्त कवितेत असे शब्द नकोत, असा त्या काळच्या विद्वानांचा कल होता. विसाव्या शतकात ग्रानादाच्या एका कवीनं नेमकी उलटी बाजू मांडली. फेदेरिको गार्सिया लोर्का यानं १९२६ च्या एका व्याख्यानात आपल्या शहराची खरी सौंदर्यदृष्टीच लघुत्ववाचक आहे असं सांगितलं. लहान अंगण, लहान कारंजं, लहान बाग, जे हाताच्या ओंजळीत मावेल ते. ग्रानादाच्या बोलीत ‘-इको’ आजही जिवंत आहे.

अमेरिकेत ‘-इको’ला एक चमत्कारिक घर मिळालं. क्युबा, कोलंबिया, व्हेनेझुएला, डोमिनिकन प्रजासत्ताक आणि कोस्टा रिका इथे शब्दाच्या शेवटच्या अक्षरात ‘त’ असेल तरच ‘-इको’ येतो. ‘गातो’ (मांजर) ‘गातिको’, ‘मोमेन्तो’ (क्षण) ‘मोमेन्तिको’. पण पुस्तक ‘लिब्रितो’च. दोन ‘त’ लागोपाठ येऊ नयेत म्हणून जिभेनं काढलेली ही वाट. कोस्टा रिकाच्या लोकांना ‘तिको’ म्हणतात ते याच सवयीमुळे, आणि ते स्वतःही हे नाव आनंदानं मिरवतात.

मग जुन्या ‘-इयो’चं काय झालं? तो शब्दांत मुरून गेला. ‘बोल्सा’ म्हणजे पिशवी, ‘बोल्सियो’ म्हणजे खिसा. खिशाला आज कोणी ‘लहान पिशवी’ समजत नाही. ‘बेन्ताना’ खिडकी, ‘बेन्तानिया’ म्हणजे बँकेची किंवा तिकिटाची खिडकी. ‘कामा’ पलंग, ‘कामिया’ रुग्णाला न्यायचं स्ट्रेचर. ‘पेसादा’ म्हणजे जड, ‘पेसादिया’ म्हणजे झोपेत छातीवर बसणारं दुःस्वप्न. प्रत्ययातली माया इथे आटली आणि वस्तूचं नवं नाव तेवढं उरलं.

अशीच नावं जगभर पसरली आणि मराठीतही आली. ‘बाइना’ म्हणजे शेंग, ‘बाइनिया’ म्हणजे छोटी शेंग. मेक्सिकोतल्या वेलीला लागणाऱ्या या सुगंधी शेंगेचं नाव इंग्रजीतून आपल्याकडे आलं ते व्हॅनिला होऊन. ‘प्लाता’ म्हणजे चांदी. कोलंबियाच्या नद्यांमध्ये सोनं गाळताना मध्ये येणाऱ्या पांढऱ्या, हट्टी धातूला स्पॅनिश खाणवाल्यांनी ‘प्लातिना’ म्हटलं. यात कौतुक नव्हतं, ही कसली चांदी, असा भाव होता. आज तो प्लॅटिनम. आणि ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध, ‘गेर्रिया’ म्हणजे छोटं युद्ध. नेपोलियनच्या फौजा १८०८ मध्ये स्पेनमध्ये शिरल्या तेव्हा गावोगावच्या टोळ्यांनी त्यांना अचानक छापे घालून जेरीस आणलं, आणि हा शब्द युरोपभर गेला. शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्याला आपल्याकडे ‘गुरिला’, कधी चुकून ‘गोरिला’ युद्ध म्हणतात. तो डाव महाराष्ट्रात सतराव्या शतकातच खेळला गेला होता, स्पॅनिश नाव मात्र नंतर चिकटलं. माकडाशी त्याचा काहीही संबंध नाही.

स्पॅनिश हे सगळं लॅटिनकडून शिकली. रोजच्या लॅटिनमध्ये लोक कानाला ‘आउरिस’ म्हणण्याऐवजी ‘आउरिकुला’ म्हणू लागले, म्हणजे ‘छोटा कान’. मूळ शब्द मागे पडला आणि स्पॅनिशमधला कान, ‘ओरेखा’, या लहान कानापासून आला. मधमाशीची ‘आबेखा’, मेंढीची ‘ओबेखा’, मसुराची ‘लेन्तेखा’, सगळ्यांची गोष्ट हीच. आजोबांचा ‘आबुएलो’ हा शब्दही बोलीतल्या लॅटिनमध्ये लाडानं लहान केलेल्या आजोबांवरून आलेला. ती माया शतकांच्या वापरानं झिजली. म्हणून आजची नातवंडं त्याला पुन्हा ‘-इतो’ लावून ‘आबुएलितो’ म्हणतात.

आता वापराकडे. कॉफीच्या दुकानात, बाजारात, दवाखान्यात हा प्रत्यय विनंती मऊ करतो. परिचारिका म्हणते, एक ‘पिन्चासितो’ देते, म्हणजे एवढीशी सुई टोचते. सुईची लांबी तीच असते, पण रुग्णाचा खांदा सैल पडतो. ‘मोमेन्तितो’ थांबा, एक ‘फिर्मिता’ इथे करा, एक ‘फाबोरसितो’ हवा होता. आपण ‘जरासं पाणी देता का’ म्हणतो तेव्हा घोटभरच पाणी मागत नसतो. ‘जरासं’ समोरच्याच्या मानासाठी असतं. स्पॅनिश तेच काम नामाच्या अंगावर करते.

याच्या अगदी उलट वाटणारं कामही हा प्रत्यय करतो. विशेषण किंवा क्रियाविशेषणाला लागला की तो अर्थ कमी करत नाही, वाढवतो. ‘सेर्का’ म्हणजे जवळ, ‘सेर्किता’ म्हणजे अगदी जवळ. ‘नुएबो’ नवा, ‘नुएबेसितो’ कोरा करकरीत. ‘सोलो’ एकटा, ‘सोलितो’ अगदी एकटा. ‘कालिएन्ते’ गरम, पण भट्टीतून आत्ताच काढलेला, हातात धरावासा वाटणारा पाव ‘कालेन्तितो’. ‘देस्पासियो’ म्हणजे हळू, ‘देस्पासितो’ म्हणजे अगदी हळूहळू. २०१७ मध्ये पोर्तो रिकोच्या लुईस फोन्सीच्या गाण्यानं हा शब्द मराठी मुलांच्याही तोंडी बसवला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. लहान करणाऱ्या प्रत्ययानं अर्थ वाढतो कसा? माझं उत्तर आलोन्सोच्याच वाटेनं जातं. जवळ आणून पाहिलेली गोष्ट ठळक दिसते.

‘आओरा’ म्हणजे आत्ता. त्याचं ‘आओरिता’ झालं की प्रदेशाप्रमाणे अर्थ पालटतो. पोर्तो रिकोत आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात तो ‘थोड्या वेळानं’. मेक्सिकोत तो ‘या क्षणी’ही असतो आणि ‘बघू, करतो’ही असतो. नळदुरुस्तीवाला ‘आओरिता’ म्हणाला तर आवाजाचा सूर ऐकावा लागतो. खरंच घाई असेल तेव्हा मेक्सिकन माणूस आणखी एक प्रत्यय चढवून ‘आओरितिता’ म्हणतो.

मेक्सिकोत हे इतकं का फोफावलं? तिथल्या नाहुआत्ल भाषेत ‘-त्सिन’ हा प्रत्यय आहे, जो लहानपणाही दाखवतो आणि आदरही. ‘तोनान्त्सिन’ म्हणजे आपली पूज्य आई. मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस याची दुभाषी ‘मालिन्त्सिन’ हिचं नाव स्पॅनिश कानांना ‘मालिन्चे’ असं ऐकू आलं. ‘दिओसितो’मधला आदर तिथूनच आला, असं अनेकांनी सुचवलं. इतरांनी आक्षेप घेतला, की प्रत्यय तर स्पेनमधूनच आला आणि तो नाहुआत्ल नसलेल्या देशांतही तितकाच चालतो. मला वाटतं, प्रत्यय स्पॅनिश आहे, पण देवासमोर तो निःसंकोच वापरायची मुभा त्या मातीत आधीपासून होती. आन्देस पर्वतातल्या पेरू-बोलिव्हियात केचुआ भाषेचा ‘-चा’ असाच शेजारी आहे. तिथे ‘हे’ (‘एस्तो’) या सर्वनामाचं ‘एस्तितो’ होतं आणि ‘इथे’ (‘आकी’) याचं ‘आकिसितो’.

माणसांच्या नावांवर या प्रत्ययाची ताकद सर्वांत स्पष्ट दिसते. १५५४ मध्ये निनावी छापलेल्या कादंबरीतला लासारो आंधळ्या भिकाऱ्याचा हात धरून फिरतो म्हणून तो ‘लासारियो’, आणि आज स्पॅनिशमध्ये अंध माणसाच्या वाटाड्यालाच ‘लासारियो’ म्हणतात. सेर्व्हांतेसच्या १६१३ च्या एका कथेत रिन्कोन आणि कोर्तादो ही दोन पोरं सेव्हिलच्या चोरांच्या टोळीत येतात, तेव्हा टोळीचा म्होरक्या त्यांची नावं बदलून रिन्कोनेते आणि कोर्तादियो ठेवतो. वयाला शोभतील अशी नावं, असं तो म्हणतो. मेक्सिकोचा फुटबॉलपटू खाव्हिएर एर्नांदेस याच्या वडिलांना हिरव्या डोळ्यांमुळे ‘चिचारो’, म्हणजे वाटाणा, म्हणत. मुलगा साहजिकच ‘चिचारितो’ झाला. आणि अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एव्हा पेरोन. १९५१ च्या आत्मकथनात त्यांनी आपल्या दोन नावांवर एक प्रकरण लिहिलं. समारंभांत आणि राजदूतांसमोर त्या एव्हा पेरोन, कामगारांमध्ये ‘एव्हिता’. त्यांना दुसरं नाव अधिक प्रिय होतं.

लघुत्ववाचक प्रत्यय दुखवूही शकतो. ‘-उएलो’ आज बहुतेक तुच्छतेचाच. ‘रेय’ राजा, ‘रेयेसुएलो’ म्हणजे नावापुरता राजा. ‘मुखेरसिता’ नाजूक स्त्री, ‘मुखेरसुएला’ शिवी. ‘लिस्तो’ हुशार, ‘लिस्तियो’ दीडशहाणा. वकिलाला ‘आबोगादियो’ म्हटलं तर त्याची सनदच नाकारल्यासारखं होतं. म्हणून नव्यानं स्पॅनिश शिकणाऱ्यानं सुरुवात खाण्यापिण्यापासून आणि वेळेपासून करावी. ‘काफेसितो’, ‘मोमेन्तितो’, ‘पोकितो’ (थोडंसं) कोणालाच बोचत नाहीत. माणसांच्या व्यवसायाला आणि पदाला प्रत्यय लावण्याआधी त्या गावातले लोक काय म्हणतात ते पुष्कळ दिवस ऐकावं, आणि ‘-इयो’, ‘-उएलो’ तोवर नुसते ओळखता आले तरी चालतात.